तीन नंबरचं बाकडं

चिकलठाण्याच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात टूलरूममध्ये शिरलं की डाव्या हाताला, खिडकीखालचं तीन नंबरचं बाकडं भिकनचं होतं. आधी बाकडं सांगतो. बाकीचं मागून येईल.

त्या बाकड्यावर तो गेज बनवायचा. गेज म्हणजे मापाचं दोन टोकांचं पोलादी हत्यार. पंपाच्या भागाला पाडलेल्या भोकात एक टोक जायला पाहिजे आणि दुसरं अडायला पाहिजे. तसं झालं तर माल पास, नाहीतर भंगारात. कारखान्यात दिवसाला शेकड्यांनी भाग बनत आणि प्रत्येकाला कधी ना कधी भिकनच्या हातच्या गेजपुढे उभं राहावं लागे. पुण्याहून तपासनीस यायचे, गेज उलटंसुलटं करून बघायचे आणि काही न बोलता खाली ठेवायचे. तपासनीस काही बोलला नाही, ही केवढी मोठी गोष्ट असते ते कारखान्यात राबलेल्या माणसालाच कळेल.

कामात असला की त्याला हाक मारायची सोय नव्हती. मारलीच तर कानस न थांबवता म्हणायचा, "थांबा की भाऊसाहेब. आत्ता कुठं हात बसलाय."

भाऊसाहेब म्हणजे मी. नाव सूर्यभान, गाव सिल्लोडकडचं, पर्सोनेल खात्यात कारकून. मला एका जागी बसवत नाही. खुर्चीत बसलो तरी पाय हलत असतो, त्यावरून बायको अजून बोलते. पण माझं मराठी चांगलं होतं. कारखान्यातली प्रत्येक नोटीस, प्रत्येक पाटी माझ्या हातची. त्याचा मला माज होता, आणि तो माज पुढं दुसऱ्याला भोवला.

दिवसही सगळे बेचैनीचेच होते. जालना रोडला दर सहा महिन्यांनी नवी शेड उभी राहायची. काल मेंढरांमागं फिरणारी पोरं आज निळा डगला घालून कार्ड पंच करायची. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आणि भांडण विद्यापीठाच्या नावाचं चाललं होतं. अठ्ठ्याहत्तरला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. त्यानंतर कधी बंद, कधी मोर्चा, कधी कंपनीच्या बसच्या काचा फुटलेल्या. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी कोणत्या रस्त्यानं घरी येईल याचा भरवसा नसायचा.

भिकनच्या शेजारी चार नंबरच्या बाकड्यावर पुंजाराम होता. त्या पेटवापेटवीत त्याचं गावाकडचं घर गेलं. एक ट्रंक आणि म्हातारी आई घेऊन तो शहरात आला होता. एकदा बस बंद म्हणून मी चिकलठाण्यापर्यंत पायी आलो, घामाघूम झालो आणि कँटीनमध्ये सगळ्यांदेखत वैतागून बोललो, "एका पाटीपायी किती दिवस लोकांना वेठीला धरायचं?"

पुंजारामनं चहाचा ग्लास खाली ठेवला. "भाऊसाहेब, तुमाला ती पाटी नुसती वाचायची हाय. आमाला तिच्याखालून आत जायचं हाय."

भिकन समोरच बसला होता. मी चहा अर्धा टाकून उठलो.

एक्क्याऐंशी साल हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होतं. वरून परिपत्रक आलं की कारखान्यांनी अशा कामगारांच्या सोयीचा विचार करावा. आमचे वर्क्स मॅनेजर अप्पाराव साहेब कामाला वाघ होते, पण परिपत्रक आलं की त्यांना घाई सुटायची. नवी ऑफिसची इमारत नुकतीच झाली होती. टाइम ऑफिस, दवाखाना, कँटीन सगळं त्यातच, आणि ती पाच पायऱ्यांच्या जोत्यावर. साहेबांनी बाजूनं सिमेंटचा एक उतार करून घेतला आणि मला म्हणाले, "सूर्यभान, याची नियमावली लिहा. पाटीसुद्धा. मराठी चांगलं हवं."

चांगलं हवं म्हटल्यावर माझ्या अंगात आलं. मी लिहिलं, "लंगडे, पांगळे, आंधळे, बहिरे व अन्य व्यंग असलेल्या दुर्दैवी कामगारांच्या सोयीसाठी." दुर्दैवी हा शब्द तर मला फारच आवडला होता. तो घालून मी दोनदा मोठ्यानं वाचलं. पुढं नियम. अशा कामगारांची यादी करावी. यादीतल्या प्रत्येकाला लाल बिल्ला द्यावा. बिल्ला असेल त्यानंच उतार वापरावा, इतरांनी वापरल्यास तो गैरवापर समजावा. आणि सहावा नियम असा, की यादीतल्या कामगाराला हलकं, बैठं काम द्यावं.

यादीत पहिलं नाव मी भिकनचं घातलं.

आता पायाचं सांगतो. भिकन फर्दापूरकडचा, धनगराच्या घरचा. तिसऱ्या वर्षी ताप आला आणि डावा पाय वाळला तो वाळलाच. चालताना तो डाव्या गुडघ्यावर हात दाबायचा आणि प्रत्येक पाऊल जणू हातानं उचलून पुढं ठेवायचा. बाकड्याला त्यानं बाभळीचा एक ठोकळा बसवला होता. त्याला कंबर टेकली की आठ तास हलायचा नाही. बसून कानस मारली की हात डगमगतो, असं त्याचं म्हणणं. स्टूल आणून दिलं तर त्यावर पाण्याचा तांब्या ठेवायचा.

नाव घातलं ते मायेपोटीच, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्या दिवसांत माणसं कमी करणार अशी कुजबुज होती. मला वाटलं, यादीत असलेल्याला कुणी हात लावणार नाही. आपला माणूस वाचेल. टूलरूम माझ्या टेबलापासून शंभर पावलांवर होती. जाऊन विचारायचं मात्र माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

सोमवारी ऑर्डर निघाली. सहाव्या नियमानुसार भिकनची बदली टाइम ऑफिसला. उताराच्या तोंडाशी स्टुलावर बसायचं आणि बिल्ले तपासायचे. तीन नंबरच्या बाकड्यावर एक तारखेपासून नवा माणूस.

भिकन माझ्याकडे आला तेव्हा ऑर्डर त्याच्या हातात चुरगळलेली होती. मी खुर्ची पुढं केली. तो बसला नाही.

"ह्ये कुणी लिवलं?"

"मी."

"कुणाला इचारून?"

"अरे, तुझ्या भल्यासाठीच. उद्या माणसं कमी केली तर—"

"कुणाला इचारून, ते सांगा."

त्यानं पाटीचा कागद उचलला, बोट ठेवत वाचला. दुर्दैवी या शब्दावर बोट थांबलं, मग पुढं सरकलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"भाऊसाहेब, माझ्या आधीची तीन लेकरं गेली. म्हणून माझ्या मायनं, साळूबाईनं, देवाकडं भीक मागून घेतलं मला आन नाव ठिवलं भिकन. वंगाळ नाव असलं की मरण लेकराकडं बघत नाय म्हंती ती. तिनं वाईट नाव ठिवलं ते म्या जगावं म्हणून. तुमी ठिवलं ते म्या स्टुलावर बसावं म्हणून."

आणि गेला. गुडघ्यावर हात, एक पाऊल, पुन्हा हात. मी बसलो, उठलो, खिडकीशी गेलो, परत आलो. त्या दिवशी मी चार नोटिसा टाइप केल्या आणि चारही फाडल्या. मला माझी लाज वाटत होती आणि त्याहून जास्त राग येत होता. माणसाचं भलं करावं तर हे ऐकून घ्यावं लागतं, असलं काहीतरी मनात घोळवत मी लाजेला बाजूला सारत होतो.

मंगळवारी साहेबांकडे गेलो. म्हणालो, भिकनला परत टूलरूममध्ये घ्या. साहेबांनी कागदातून डोकं वर काढलं नाही. "नियम तुम्हीच लिहिलाय. त्याला यादीतून काढायचं तर डॉक्टरचा दाखला आणू दे, की पाय ठीक आहे. एक तारखेच्या आत."

मी ते भिकनला सांगितलं. दाखला मिळवून द्यायलाही मी तयार होतो, डॉक्टर ओळखीचा होता. भिकननं माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागं झालो. "खोटं काहून लिवून आणू? पाय हाय तसा हाय. कानस मारायला हात लागतो. कुणाच्या पोटात दुखतंय?"

म्हणजे यादीत राहिला तर बाकडं गेलं, आणि बाहेर यायचं तर स्वतःचा पाय नाकारायचा. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्ही मी खणलेली. महिना संपायला एकोणीस दिवस होते.

भिकन उताराशी बसू लागला. बसू लागला म्हणजे काय, बसायचाच नाही. स्टुलावरून उठायचा, उतार चढायचा, उतरायचा, पायऱ्यांपाशी जाऊन उभा राहायचा. हाताला काम नसलं की त्याची बोटं आपोआप कानस धरल्यासारखी पुढंमागं हलायची. ते मला खिडकीतून दिसायचं आणि मी पडदा ओढून घ्यायचो. गेटवरचे पहारेकरी खानसाब त्याला म्हणायचे, "अरे भिकनभाई, बैठो ना आराम से. नसीबवाले हो, कुर्सी मिली." ते ऐकत भिकन पुन्हा उतार चढायला लागायचा.

चौथ्या दिवशी त्याच्या हातात एक वही दिसली. पुंजारामनं आणून दिलेली, शाळकरी पोराची, दोन रेघांची. जेवणाच्या सुट्टीत पुंजाराम त्याच्यापाशी बसायचा आणि दोघं वहीत डोकं घालायचे. मला वाटलं, तक्रार लिहितायत. मी सहज गेल्यासारखं करून विचारलं, "काय चाललंय?"

"गेज लावतोय," भिकन म्हणाला.

"कशाला?"

"इमारतीला." आणि वही मिटली. मग त्याला माझी दया आली असावी. "भाऊसाहेब, गेज कधी म्हंतं का, ह्यो भाग बिचारा हाय, ह्यो दुर्दैवी हाय? ते एवढंच सांगतं, इथं जातंय आन इथं अडतंय. म्या तेच लिवतोय. कोण कुठं अडतंय."

महिन्याची सव्वीस तारीख. दोन दिवस आधी साहेब बाथरूममध्ये घसरले होते. घोट्याला प्लास्टर, काखेत कुबडी, आणि घरी बसायचं नाव नाही. सकाळी आठच्या सुमारास गाडी इमारतीपुढं थांबली. पाळी बदलायची वेळ, शंभरेक माणूस कार्ड पंच करायला उभा. साहेबांनी पायऱ्यांकडे बघितलं, मग उताराकडे वळले. मी त्यांची फाइल घेऊन मागं होतो.

भिकन उभा राहिला. उताराच्या तोंडाशी, गुडघ्यावर हात ठेवून. "साहेब, बिल्ला?"

"काय?"

"लाल बिल्ला. नियम तीन."

"भिकन, बाजूला हो."

"व्हतो की. पर बिल्ला नाय त्याला सोडलं तर गैरवापर व्हतो. वर सही तुमची हाय." त्याचा आवाज चढला नव्हता. "बिल्ला पायजे तर यादीत नाव घालावं लागंल. भाऊसाहेब घालत्यात, लई पटकन घालत्यात. मंग सहावा नियम. हलकं काम, बसून. माझ्या शेजारी दुसरं स्टूल ठिवता येईल."

मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्स केलं. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला होता. कुबडी सिमेंटवर आपटून ते ओरडले, "मी काय लंगडा-पांगळा आहे? दुर्दैवी आहे? मला पायऱ्या चढता येत नाहीत, एवढंच!"

रांग पुढं सरकायची थांबली.

"एवढंच," भिकन म्हणाला. "मलाबी एवढंच. भाऊसाहेब, घ्या लिवून. साहेबांचं मराठी तुमच्यापरीस चांगलं हाय."

आता याची नोकरीच गेली, असं मला वाटलं, आणि ती घालवणारा मी. शेवटी साहेब पायऱ्यांकडे वळले. कुबडी पहिल्या पायरीवर टेकली, प्लास्टरचा पाय अधांतरी, आणि तोल गेला. पुंजारामनं रांगेतून पुढं होऊन त्यांना काखेत धरलं. पाच पायऱ्या चढायला त्यांना एवढा वेळ लागला की पाळीचा भोंगा वाजून गेला.

दुपारी साहेबांनी आम्हाला बोलावलं. मी, भिकन, आणि भिकननं आग्रह धरला म्हणून पुंजाराम. वहीचं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी हात पुढं केला, "ती वही आण." ते वाचत गेले आणि मी त्यांच्या खांद्यावरून वाचत गेलो. नावं कुणाचीच नव्हती. कुणाच्या अंगात काय कमी आहे तेही नव्हतं. कँटीनची बाई, सातवा महिना, तिसऱ्या पायरीला थांबली. दोन्ही हातांत डब्यांची रॅक, दार ढकलता येईना. वेल्डर, डोळा आलेला, पाटीची अक्षरं बारीक. दवाखान्यात नाव पुकारलं, ऐकू गेलं नाही, तासभर बसून राहिला. म्हातारा, पगाराच्या दिवशी पाचवी पायरी. साहेब, पहिली पायरी. साहेबांच्या नोंदीपुढं तारीखही आजचीच होती.

"एकशे बारा," भिकन म्हणाला. "तुमच्या यादीत सात हुते."

साहेबांनी वहीची पानं मागंपुढं केली. मग मला म्हणाले, "लिहा." आणि सांगेनात. मी भिकनकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी लिहायच्या आधी कुणाकडे तरी बघत होतो.

भिकन म्हणाला, "ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत त्यांनी उतारावरून जावे."

पुंजाराम म्हणाला, "आन ज्यांना चढायच्या नसतील त्यांनीबी. कारण कुणी इचारू नये."

तेवढीच पाटी. यादी रद्द, बिल्ले रद्द. सहाव्या नियमाच्या जागी असं आलं, की कामगाराचं काम बदलायचं असेल तर आधी त्याला विचारावं आणि तो काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत लिहावं. हे शेवटचं वाक्य मी सुचवलं. तेव्हा भिकननं माझ्याकडे बघितलं, पण हसला नाही.

एकोणतीस तारखेला तो टूलरूममध्ये परत गेला. बाभळीचा ठोकळा साफसफाईत कुणीतरी फेकून दिला होता. दोन दिवस तो नवा ठोकळा तासत बसला. माझ्याबरोबर चहा प्यायला मात्र तो चार महिने आला नाही. मी रोज कँटीनमध्ये त्याची वाट बघायचो आणि रोज तो पुंजारामच्या टेबलावर जायचा. पाचव्या महिन्यात एक दिवस ग्लास घेऊन समोर येऊन बसला आणि म्हणाला, "तुमी वंगाळ लिवलं ह्याचा राग नव्हता. लोक त्यापरीस वंगाळ बोलत्यात. इचारलं नाय, त्याचा हुता."

नावाची लढाई पुढं तेरा वर्षं चालली. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला नाव मिळालं त्या दिवशी पुंजारामनं रजा टाकली आणि भिकननंही. भिकननं मला नंतर सांगितलं, की नव्या पाटीखालून पुंजाराम आत गेला, बाहेर आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. "म्या म्हनलं, आरं बास की, पाय दुखला माझा. तर म्हंतो, आजूक एक डाव." सांगताना भिकनचे डोळे भरले होते. मी चौदा वर्षांपूर्वीचा माझा अर्धा चहा आठवून मान खाली घातली.

आता आम्ही सगळे निवृत्त. पुंजाराम गेला. शहराचंही नाव बदललं. गेल्या महिन्यात मी भिकनवर हे लिहायला घेतलं आणि या वेळी मात्र आधी त्याच्या घरी गेलो. मुकुंदवाडीला लेकाकडे असतो. पहिलं पान वाचून दाखवलं. सुरुवात अशी होती, "लहानपणापासून डाव्या पायानं अधू असलेला भिकन."

त्यानं हात वर करून मला थांबवलं. "बाकडं कुठं हाय?"

"येतं ना पुढं. तिसऱ्या पानावर."

"आधी बाकडं."

मला माझाच राग आला. चाळीस वर्षांनी, इतकं सगळं होऊन, माझा पेन पुन्हा तिथंच पडला होता. मी चाचरत विचारलं, "मग पायाचं लिहू का नको? तू सांगशील तसं."

भिकननं दाराबाहेर बघितलं. गुडघ्यावरचा हात नेहमीसारखा तिथंच होता.

"लिवा की. त्येच पायावर उभा हुतो न्हवं तिथं, तीस वर्सं."

मी पहिलं पान तिथंच फाडलं.